उष्माघाताच्या खोलीसाठी आवाहन

सर्व गावकरी बंधू-भगिनी आणि नागपूर-पुण्याकडे नोकरीला गेलेली आपली लेकरे यांना मंडळाच्या वतीने नमस्कार.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या पुढे जातो तो याच महिन्यात, आणि तेंदूपत्ता, मजगी (धानाच्या बांध्या सपाट करणे), मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळ काढणे ही कामेही याच महिन्यात.

आजवर मंडळाने जे उभे केले ते आपल्याच भरवशावर. स्टँडवरची पाणपोई आठवा. रांजण कुंभारकाकांनी दिले, एक पैसा घेतला नाही. पोरांनी खेळता खेळता एक फोडला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे नवा रांजण वाळूवर बसवलेला, पाणीसुद्धा भरलेले! आरोग्य उपकेंद्राच्या बाजूची खोली गुरुजींच्या पेन्शनवर उभी राहिली. वरच्या टिना त्यांनीच आणल्या. पाटीवर नाव टाकतो म्हटल्यावर इतके रागावले, की इथेही टाकायची हिंमत नाही. बचत गटाच्या बायांनी रोवणीच्या मजुरीतून पंखा घेतला. या सर्वांचे मंडळ ऋणी आहे.

आता त्याच खोलीत उष्माघाताची सोय करायची आहे. अंगाचा ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि माणूस बरळू लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला, की मेंदूला धोका सुरू होतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. अंग बाहेरूनच थंड करावे लागते, तेही शक्यतो अर्ध्या तासात. आपल्याकडून रुग्णालय गाठायलाच त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून 108 ला फोन लावायचा, पण गाडीची वाट न पाहता इथेच थंड करायला लागायचे. उपकेंद्राच्या मॅडमनी करून दाखवले. जाड ताडपत्रीचा चौघांनी झोळ धरायचा, रोगी मधात, वरून बर्फाचे पाणी. डोके वर धरून पाणी सारखे हलवत राहायचे. ताप 39 च्या खाली आला की थांबायचे, नाहीतर अंग जास्तच गार पडते. रोगी म्हणून आशाताईंचा मुलगा झोपला होता. दात वाजत होते तरी हसत होता.

बघायला मोजकीच माणसे आली. वैकुंठरथाची वर्गणी एका सांजेत जमली होती, जित्या माणसाच्या बर्फाला मात्र ‘पाहू’. लिहायचे नव्हते, पण लिहिले.

हवे आहे: बर्फासाठी डीप फ्रीजर (जुना चालू असला तरी चालेल), लाइन गेल्यावर इन्व्हर्टर, कूलर, 2 ताडपत्र्या, गुदद्वारातून ताप मोजायचा थर्मामीटर (काखेतला आकडा अशा वेळी फसवतो). अंदाजे 70,000 रु. क्यूआर कोड पंचायतीच्या फलकावर; रोख कोषाध्यक्षांकडेच, पावती घ्यावी. दुपारी ताडपत्री धरायला 8 पोरे लागतील, नावे आशाताईंकडे. सर्व 25 मेच्या आत. फ्रीजर आणायला ट्रॅक्टर मिळाला आहे, डिझेल बाकी आहे.

आपला,
सचिव