ई-२०: वाद इंजिनाचा, बिघाड रबराचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ई-२०ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, इंजिन खलास होते म्हणणारे आणि काहीच होत नाही म्हणणारे, दोघेही मोघम बोलतात. नुकसान इंजिनाच्या पोटात क्वचित होते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर ते जास्त दिसते.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांतील रबर व धातू ई-२० सोसणारे आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्बोरेटरच्या दुचाकींत, बहुधा साधे नायट्राइल रबर असते. इथेनॉलने ते फुगते आणि गाडी उभी राहून वाळले की चिरते. म्हणून पेट्रोल पाइप, कॉकचा वॉशर, फ्लोट बाउलची (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीची) ओ-रिंग आणि निडलचे रबरी टोक एकदाच व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) बसवून घ्यावे. खर्च किरकोळ आहे. गळक्या पाइपखाली तापलेले इंजिन असते, हे लक्षात घ्यावे. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते, त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर तुंबून गाडी झटके देते. तेव्हा आधी फिल्टर बदलावा, मग गाडीच्या इंधनपंपाला हात लावावा.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला सुमारे १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक बराचसा भरून काढतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. निफाडच्या थंडीत चोक जास्त वेळ ओढावा लागतो. आधी मिक्श्चर स्क्रूने जुळवावे. तरी भागले नाही तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) भोकाच्या व्यासाने चारेक टक्के मोठा, म्हणजे १००च्या जागी १०४-१०५, पुरतो. त्याहून मोठा टाकला की प्लग काळा पडतो.

अ‍ॅव्हरेजबद्दल नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१०ला जुळवलेल्या चारचाकीची ई-२०वरची घट ६-७ टक्के दिली आहे, तशा दुचाकीची ३-४. त्याहून बरीच जास्त घट असेल तर दोष दुसरीकडे शोधावा.

खरी डोकेदुखी पावसाळ्यातली. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात झाकणातून किंवा पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीतून पाणी शिरले, की ठरावीक मर्यादेपलीकडे इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाला बसते. गाडीच्या टाकीतला इंधनपंप तळातूनच ओढतो आणि गाडी बंद पडते. यावर नवे पेट्रोल ओतू नये, बाटलीतली औषधेही नकोत. टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी, लाइन आणि बाउल साफ करावा. टाकीतले पेट्रोल बाटलीत काढल्यावर तळाशी थर दिसला म्हणजे 'पंपवाल्याने तेवढे पाणी भरले' असे मात्र ठरवू नये. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी व ९० मिली ई-२० हलवून ठेवले, तर खालचा थर २५ मिलीच्या आसपास जातो, कारण इथेनॉल पाण्यात उतरते.

यासाठी तेल कंपन्यांच्या येथील अधिकाऱ्यांकडे दोन मागण्या आहेत. पावसाळाभर पंपांच्या टाक्यांची रोजची पाणीतपासणी इथेनॉलमिश्रित इंधनासाठीच्या, पाणी लागताच रंग बदलणाऱ्या पेस्टने व्हावी (जुनी पेस्ट या थरावर नीट रंग बदलत नाही) आणि तिची नोंद ग्राहकाला दिसेल अशी लावावी. तसेच, इथेनॉलचे प्रमाण नोझलवरच ठळक मराठीत लिहावे.

— एक गॅरेजचालक, नाशिक