उशिराचे रिटर्न आणि गृहीत धरलेला गुन्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलैअखेर जवळ आली की ‘रिटर्न न भरल्यास तुरुंगवास’ असे मथळे झळकू लागतात आणि ज्यांचा कर पगारातूनच कापला गेला आहे, असे नोकरदार विनाकारण धास्तावतात. विवरणपत्र (रिटर्न) वेळेत न भरणे हा गुन्हा ठरवणारे १९६१च्या आयकर कायद्यातील कलम २७६सीसी त्यांच्यासाठी नाही. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपण्याआधी विवरणपत्र भरले, किंवा आधीच कापलेला कर (टीडीएस) व स्वतः भरलेला कर वजा जाता देय रक्कम दहा हजार रुपयांच्या आत राहिली, तर त्या कलमाखाली खटला भरता येत नाही. (दहा हजारांची ही सवलत कंपन्यांना मात्र नाही.)

करचुकव्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. मोठ्या रकमेचा कर बुडू पाहत असेल तर तुरुंगवासही समजू शकतो. माझा आक्षेप कलम २७८ईला आहे. कसूर ‘हेतुपुरस्सर’ असली तरच ती गुन्हा, असे कलम २७६सीसी म्हणते आणि तो हेतू न्यायालयाने गृहीतच धरावा, तो नव्हता हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे, असे २७८ई सांगते. साध्या चोरीच्या खटल्यात हे ओझे सरकार पक्षावर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शशी एंटरप्रायझेस प्रकरणात हे गृहीतक लागू केले असल्याने खालच्या न्यायालयांना फारसा वाव उरलेला नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो? पत्नीच्या दीर्घ आजारपणात विवरणपत्रे राहून गेलेल्या एका छोट्या ठेकेदाराला मी डिस्चार्ज कार्डे आणि अक्षरे उडालेल्या औषधांच्या पावत्या जुळवताना पाहिले आहे. त्यावर त्याला विचारले गेले की, त्याच काळात बँकेचे व्यवहार कसे जमले?

पंचवीस लाखांपर्यंतच्या प्रकरणांत खटला भरण्याआधी दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गटाची पूर्वमान्यता घ्यावी, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात सांगितले, हे चांगलेच झाले. परंतु परिपत्रक मंडळाच्या मर्जीवर टिकते. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात भाषा सोपी केली गेली, गृहीतक मात्र तसेच ठेवले गेले. ही पूर्वमान्यता कायद्यातच घालावी आणि हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी, निदान या एका गुन्ह्यापुरती, आयकर विभागावर टाकावी.

आपला विश्वासू,
एक करसल्लागार