औषधाच्या खिडकीवर विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

सरकारी उपचार केंद्राच्या औषध खिडकीवर दिवसभरात इतके रुग्ण आपल्यासमोर येतात की माझे वडील आपल्याला आठवत असतील, असे मी गृहीत धरत नाही. परंतु गेल्या एप्रिलमध्ये आपण त्यांना विचारलेल्या एका प्रश्नामुळे त्यांचा हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृताच्या विषाणूजन्य आजाराचा, उपचार अर्ध्यावर सुटला नाही आणि मूत्रपिंडांचे होणारे नुकसानही वेळीच थांबले. हे आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांचे वय ६३. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीत हा आजार अनपेक्षितपणे समोर आला. १९८७ साली अपघातानंतर त्यांना रक्त चढवले होते आणि संसर्ग बहुधा तेव्हाचाच असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. हा विषाणूच मुळात १९८९ साली ओळखला गेला, त्यामुळे त्या वेळी रक्त देणाऱ्या कुणालाही मी दोष देऊ शकत नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून सोफोसबुवीर ४०० मिलिग्रॅम आणि डाक्लाटासवीर ६० मिलिग्रॅम या गोळ्या आम्हाला मोफत मिळाल्या. रोज एक-एक गोळी, असे १२ आठवडे.

उपचार सुरू करताना त्यांचे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक, १.५ होते आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, ५२ होता. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनीन २.१ झाले आणि ईजीएफआर ३५ वर आला. घरात सगळ्यांचा संशय साहजिकच नव्या गोळ्यांवर गेला. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की सोफोसबुवीर चालत नाही, असे एका नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितले. ती जुन्या काळची सूचना होती. हे औषध यकृतात काम करते, पण त्याचा उरलेला निष्क्रिय अंश मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत तशी सावधगिरी बाळगली जात असे. पुढे पुरेसा अनुभव जमल्यावर २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डायलिसिसवरील रुग्णांसाठीही त्याचा वापर मान्य केला. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी त्या सकाळी जेल रोडवरून निघाले ती उरलेल्या गोळ्या परत करण्याचे ठरवूनच.

आपण बाटल्या परत घेतल्या नाहीत. अहवाल दोनदा वाचलात आणि वडिलांकडे पाहून विचारलेत, "बाबा, या दोन गोळ्यांशिवाय महिनाभरात आणखी काय काय घेतलंत? गुडघ्याची गोळी, काढा, भस्म, जे असेल ते सांगा." हा प्रश्न तोवर आमच्यापैकी कुणीही त्यांना विचारला नव्हता. वडील जरा संकोचले आणि मग म्हणाले की, दसकला नदीकाठी फिरून आल्यावर गुडघे फार दुखतात, म्हणून ते तीन आठवडे रोज दोनदा डायक्लोफिनॅक घेत होते. गोळी साधी आहे, ती काय सांगायची, असे त्यांना वाटले होते. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालूच होती आणि उन्हाच्या दिवसांत पाणी पिण्याकडेही त्यांचे दुर्लक्ष झाले होते.

मागे रांग वाढत असताना आपण आम्हाला बाजूला बसवून जे समजावलेत, ते मला अजून शब्दशः आठवते. वेदनाशामक गोळीमुळे मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाबाच्या त्या गोळीमुळे गाळणीतला दाब आणखी उतरतो आणि शरीरात पाणी कमी असले की दोन्हींचा मार एकदम बसतो. विषाणूविरोधी गोळ्या स्वतःहून बंद करू नका, असे बजावून आपण लगेच डॉक्टरांना फोन लावलात. त्यांनी त्याच दिवशी डायक्लोफिनॅक थांबवले आणि टेल्मिसार्टन काही दिवस बंद ठेवले. हिपॅटायटिस सीमुळेही मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज येऊ शकते, म्हणून लघवीतील प्रथिनेही तपासून घेतली. ती आढळली नाहीत. दहा दिवसांनी क्रिएटिनीन १.६ झाले आणि ईजीएफआर ४८ वर आला. या काळात विषाणूविरोधी गोळ्यांचा एकही दिवस चुकला नाही.

उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत रक्तात विषाणू आढळला नाही. अहवाल हाती आला तेव्हा वडिलांनी तुमची आठवण काढली आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांची मूत्रपिंडे पूर्वीपासून थोडी कमकुवत आहेत, त्यामुळे दर तीन महिन्यांनी क्रिएटिनीन तपासणे चालूच राहील.

कोणत्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे आपण त्या दिवशी एका कोऱ्या पाकिटावर लिहून दिले होते. ते पाकीट वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात असते आणि कोणत्याही दवाखान्यात गेले की ते आधी ते पाकीट डॉक्टरांसमोर ठेवतात. आपले मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी
जेल रोड, नाशिक रोड