हवामानाच्या चौकटीत ढगाचं नाव पण छापा

मा. संपादक, स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात रोज हवामानाची छोटीशी चौकट येते आणि पेपर हातात आला की मी आधी तीच बघतो, पण गेले कित्येक दिवस त्यात चित्र एकच, एक ढग आणि खाली तीन थेंब. रिमझिम झाली तरी तेच, गडगडाट झाला तरी तेच, दिवस कोरडा गेला तरी तेच. शेजारी लिहिलेलं असतं "आकाश अंशतः ढगाळ, पावसाची शक्यता 40 टक्के". ह्या 40 टक्क्यांचा अर्थ मी घरात विचारून बघितला. एकजण म्हणाला दिवसातला 40 टक्के वेळ पाऊस, दुसरी म्हणाली 40 टक्के भागात पाऊस, मुलगा म्हणाला 50 च्या खाली आहे ना, म्हणजे नाहीच. तिघंही चुकले. आजच्यासारखी परिस्थिती असलेले 100 दिवस घेतले तर त्यातल्या साधारण 40 दिवशी त्या ठिकाणी थोडा तरी पाऊस पडेल, एवढंच तो आकडा सांगतो. जोरात की हलका, दहा मिनिटं की दिवसभर, हे त्यात नसतंच.

अंदाज चुकला की लोक हवामानखात्याला नावं ठेवतात, मीही ठेवायचो. पण गडगडाटी ढग असतो काही किलोमीटर रुंद, आणि एकटा असला तर अर्ध्या-एक तासात संपतो, आणि कॉम्प्युटर हिशोब करतो तो नकाशाचे मोठमोठे चौकोन पाडून, मग असा एकुलता एक ढग चौकोनातून निसटणारच की. म्हणून पावसाआधीच्या शेवटच्या तासाभराचं काम आपल्या डोळ्यांनीच करावं लागतं आणि नेमकं तेच आपल्याला कोणी शिकवत नाही. शाळेत सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही ढगांची नावं पाठ केली आणि पेपर देऊन विसरलो.

खरंतर पाठ करण्यासारखं त्यात काही नाहीच. 1802 साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या एका औषधविक्रेत्याने ही लॅटिन नावं सुचवली, सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर, आणि निंबस म्हणजे पाऊस देणारा. आजचे 10 मुख्य प्रकार बरेचसे ह्याच शब्दांच्या जोडाजोडीतून आलेत.

पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे सिरस म्हणजे बर्फाचे कण, त्यातून आपल्या अंगावर थेंबही येत नाही. पण तेच पसरून पातळ पडद्यासारखे झाले की सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं आणि जुनी माणसं म्हणायची आता पाऊस येणार. त्यात तथ्य आहे, कारण मोठी पावसाळी प्रणाली येताना बऱ्याचदा हा पडदा पुढे धावतो, दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. खवल्याखवल्यांचे ढग ओळखायला हात लांब धरायचा, डोक्याच्या बाजूचे ढग बघायचे, क्षितिजाजवळचे नकोत. खवला करंगळीच्या रुंदीपेक्षा बारीक असेल तर ढग खूप वर आहे, तीन बोटांपर्यंत असेल तर मधल्या उंचीवर, त्याहून मोठा असेल तर खाली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्युम्युलस, म्हणजे राशी ढग. सकाळी तळ सपाट, वर गोलसर, उंचीपेक्षा रुंदी जास्त, तोवर काळजी नाही. पण दुपारच्या आधीच तो रुंदीपेक्षा उंच व्हायला लागला की सावध व्हायचं. त्याचा माथा नीट बघा. कडा कोरीव असतील तर आत अजून पाण्याचे थेंब आहेत, कडा धूसर, तंतूतंतू व्हायला लागल्या म्हणजे माथ्यावर बर्फ होतोय, आता तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग झाला. मग माथा ऐरणीसारखा पसरतो, आणि विजा ह्याच्यातच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनाला एक किलोमीटर. 30 च्या आत आवाज आला तर गुपचूप घरात. मी हे सगळं वाचलेलं असूनही एकदा समोर धूसर माथा दिसत असताना मोबाईलवरची पावसाची 20 टक्के शक्यता बघून छत्री न घेता निघालो आणि नखशिखांत भिजलो, त्यात दोष 20 टक्क्यांचा नाही. (आणि काळा ढग म्हणजे पाऊसच असंही नसतं बरं का, ढग जाड असला की उजेड खाली येत नाही म्हणून तो काळा दिसतो, इतकंच.)

तर विनंती अशी की ते तीन थेंब काढा आणि कुठल्या प्रकारचे ढग अपेक्षित आहेत, पाऊस दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त शक्य आहे हे दोन शब्दांत लिहा. आठवड्यातून एकदा एका ढगाचा फोटो द्या. जागा नाही म्हणू नका, शेजारी राशीभविष्याला बारा रकाने आहेत, एक राशी ढगालाही द्या. आणि अंदाज किती वाजता काढलेला आहे ती वेळ तर नक्की छापा, कारण पेपर रात्री छापला जातो आणि दुपारी आभाळ भरून येईपर्यंत तो अंदाज निम्मा दिवस शिळा झालेला असतो.

आपला,
रोज आधी हवामान वाचणारा एक वाचक