चार नंबरचे बूट : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

इंदूरजवळच्या पिथमपूर या औद्योगिक वसाहतीतल्या प्रशिक्षण केंद्रातले काम आपण आता थांबवले आहे, असे मला माझ्या तुकडीतल्या एका मैत्रिणीकडून समजले. निरोपाच्या दिवशी माझी दुसरी पाळी होती आणि बदली मिळाली नाही, त्यामुळे समक्ष येऊन बोलायचे राहून गेले. हे पत्र मी आपल्या घरी आणून देऊ शकले असते. ते जाहीर लिहिते आहे याचे कारण एवढेच की, ज्यांनी आपल्या आधी मला ‘शिकवले’ आणि स्वतःच्या अहवालात माझे नाव ‘रोजगारप्राप्त’ म्हणून चढवले, त्यांच्याही ते वाचनात यावे.

आमचे घर परदेशीपुऱ्यात आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. इंदूरच्या या भागात ज्या घराचा गिरणीशी संबंध आला नाही असे घर जुन्या लोकांत सापडणे कठीण. माझे आजोबा कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या देण्याचे 224 कोटी रुपये मार्गी लागायला डिसेंबर 2023 उजाडला, हे साऱ्या शहराने पाहिले आहे. आजोबा त्या गिरणीतले नव्हते, परंतु गिरणी बंद पडल्यावर घरात काय काय बंद पडते हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला सांगावे लागत नाही. बाबांचे शिक्षण दहावीवर थांबले, ते लोडिंग रिक्षा चालवू लागले, आणि ‘कारखान्याची नोकरी’ म्हटले की आजी आजही तोंड फिरवते. मुलीने मशीनवर काम करायचे म्हणजे काय, हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा होता. अशा घरातून मी आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या पाठीशी बाबांचे मौन आणि आजीची नाराजी एवढीच पुंजी होती.

त्याआधी मी आणखी एका केंद्रात जाऊन आले होते. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिले तर तो एकाच संस्थेचा दोष वाटेल आणि बाकीच्या सुटतील. तेही एका कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजाच्या कामासाठी बाजूला काढलेल्या, पैशातून चालत असे. उद्घाटनाला फीत होती, फलक होता, फलकावर कंपनीचे बोधचिन्ह आमच्या वर्गाच्या फळ्याहून मोठे होते. धातूचा तुकडा फिरवत कापणारे लेथ मशीन एकच, आणि तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण पाहुणे यायचे तेव्हाच निघत असे. त्या दिवशी आम्हा मुलींना हेल्मेट, निळे कोट आणि सुरक्षा बूट दिले जात. बूट आठ-नऊ नंबरचे असत. आम्ही पुढे कागदाचे बोळे कोंबून ते घालायचो, मशीनभोवती उभ्या राहायचो, छायाचित्र झाले की बूट काढून पोत्यात परत टाकायचो. मुलींना नोकरी कुठे लागणार, असे विचारले तर ‘बघू, तुमच्यासाठी पॅकिंगचं काही येतं का’ असे उत्तर मिळे. अभ्यासक्रम संपला, प्रमाणपत्र मिळाले, आणि काही महिन्यांनी तिथून एका बाईंचा फोन आला. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘कुणी चौकशीला फोन केला तर मॉलमध्ये कामाला आहे असं सांग हं, बेटा.’ मी त्या वेळी शेजारच्या शिकवणीला जाणाऱ्या दोन मुलांना सांभाळत होते.

या फोनची चीड मला आजही येते. नुकसान झाले ते झालेच, पण त्याहून खुपते ते हे की त्यांच्या कागदावर मी सुखी होते आणि त्या सुखात माझा काहीच हात नव्हता.

पुढे मी हे पैसे येतात कुठून, याबद्दल मुद्दाम वाचले. कंपनी कायदा 2013 चे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. 500 कोटींचे नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी रेषा ओलांडली तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आणि रोजगार वाढवणारी कौशल्ये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कारखाना ज्या परिसरात चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. आणि ज्या खर्चाचा हेतू आपल्या मालाची जाहिरात हा असेल, तो यात धरता येत नाही. हे शेवटचे वाचले तेव्हा तो फळ्याहून मोठा फलक डोळ्यांसमोर आला आणि मला हसू आवरले नाही. कायदा वाईट नाही, सर. कायद्याने पैसा केंद्रापर्यंत पोहोचवला. पुढे त्याचे काय करायचे ते मात्र तिथे बसलेल्या माणसावर असते, आणि माझ्या नशिबाने दुसऱ्या वेळी तिथे आपण होतात.

आता त्या बुटांविषयी लिहिते. आपल्याला ही गोष्ट कदाचित आठवतही नसेल.

प्रवेशाचा अर्ज भरून झाल्यावर दोनच दिवसांत केंद्रातून फोन आला होता. याआधी मी भरलेल्या प्रत्येक अर्जात जात विचारली होती, उत्पन्न विचारले होते, आधार, बँकेचे खाते, वडिलांचा व्यवसाय, सारे विचारले होते. आपण फोनवर एकच गोष्ट विचारलीत : ‘बेटा, पायाचा नंबर काय तुझा?’ मी गोंधळून ‘चार’ म्हणाले. आपण ‘बरं’ म्हणालात आणि फोन ठेवलात. आजीने लगेच चौकशी केली, कुणाचा फोन होता, काय म्हणत होते. मी सांगितल्यावर तिचा संशय जास्तच बळावला. ‘पायाचा नंबर कशाला हवा त्यांना?’ हा प्रश्न दोन दिवस आमच्या घरात फिरत होता.

पहिल्या दिवशी मी केंद्रात आले तेव्हा दाराजवळच्या लोखंडी मांडणीवर काळे बूट ओळीने ठेवले होते. प्रत्येक जोडीच्या लेसमध्ये एक चिठ्ठी अडकवलेली, चिठ्ठीवर बॉलपेनने नाव, आणि नावे आपल्याच तिरप्या अक्षरांतली. माझे नाव खालच्या ओळीत होते. मी बूट घातले, लेस बांधल्या, उभी राहिले आणि चालले. टाच निसटली नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा होती आणि त्यापुढे पोलादी टोपी. आयुष्यात पहिल्यांदा कामाची एखादी वस्तू माझ्या मापाची होती. आपण त्या वेळी शेजारी उभे राहून दुसऱ्याच कुणाशी तरी कूलंटविषयी, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाविषयी, बोलत होतात, वळून पाहिलेसुद्धा नाहीत. कुणी छायाचित्र काढले नाही. बूट संध्याकाळी परत द्यायचे का, असे मी विचारले तेव्हा आपण जरा चिडूनच म्हणालात, ‘तुझे बूट मी घेऊन काय करू?’

ते बूट कसे आले हे पुष्कळ नंतर स्टोअरमधल्या काकांनी सांगितले. नेहमीच्या पुरवठादाराने ‘लडकियों के नंबर कौन रखता है, साब’ म्हणून हात वर केले होते, आणि पुरुषांचेच सहा नंबरचे बूट घेऊन त्यात जाड तळवा घालावा असा सल्ला दिला होता. आपण तो मानला नाहीत. सियागंजातल्या दुकानांतून आपण स्वतः फिरलात, शेवटी एका दुकानदाराला बाहेरून मागवायला लावलेत, आणि प्रवेशाच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या लिहीत बसलात.

हा विषय मी एवढा का लांबवते आहे, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्यांच्यासाठी दोन ओळी. सुरक्षा बुटाची टोपी 200 जूलचा आघात सोसेल अशी बनवलेली असते. लोखंडी जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, हातातून निसटून पायावर पडला तर बोटे वाचावीत म्हणून ती असते. पण बूट मोठा असेल तर पाय आत सरकतो, टोपी बोटांवर नेमकी बसत नाही, आणि तेल सांडलेल्या फरशीवर माणूस आधी स्वतःच पडतो. म्हणजे मोठ्या मापाचा बूट हा बूट नसल्यासारखाच. मुलींना कारखान्यात घ्यायला आमची ना नाही, असे तोंडाने म्हणायचे आणि मांडणीवर सातच्या खाली नंबर ठेवायचा नाही, हा प्रकार मी नंतरही पाहिला. आपल्या मांडणीवर मात्र मी येण्याच्या आधीच माझी जागा केलेली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी बूट आजीसमोर ठेवले. तिने ते उचलून वजन पाहिले, तळवा बोटाने ठोकला, आणि काही न बोलता दाराशी बाबांच्या चपलांच्या शेजारी लावून ठेवले. आमच्या घरात माझ्या कारखान्यात जाण्याला परवानगी मिळाली ती तेव्हा.

बाकी जे शिकवलेत ते सारे लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. पण मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचे उपकरण, हातात दिलात तो दिवस लिहिल्यावाचून राहवत नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा म्हटल्यावर मी त्याचे थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, जोर लावून आवळत होते आणि माप प्रत्येक वेळी कमीच येत होते. आपण म्हणालात, ‘आवळू नको. रॅचेट आहे ना, ते बोलेल तुझ्याशी. दोन-तीनदा वाजलं की थांब.’ रॅचेट म्हणजे मायक्रोमीटरच्या टोकाची छोटी मूठ, दाब पुरेसा झाला की ती टिकटिक वाजते. आजही दंडगोल जॉबचा व्यास घेताना मी रॅचेटच्या आवाजासाठी कान देते. शेजारी टर्निंगचा केवढाही गोंगाट असो, तो बारीक टिकटिक आवाज मला ऐकू येतो. गो-नो-गो गेजची, म्हणजे माप मर्यादेत आहे की नाही एवढेच दाखवणाऱ्या दोन बाजूंच्या मापकाची, शिस्तही आपलीच : जी बाजू जायला हवी ती गेली पाहिजे आणि जी जायला नको ती जाता कामा नये, मग जॉब कुणाचा आहे आणि पाळी संपायला किती मिनिटे आहेत, याचा विचार करायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तपासणी करताना मी एका अनुभवी ऑपरेटरचा अख्खा लॉट, म्हणजे एका खेपेचे सारे जॉब, अडवला तेव्हा खूप बोलणी खाल्ली. सुपरवायझरने फेरतपासणी केली आणि लॉट खरोखरच बाद निघाला. त्यानंतर ते ऑपरेटर काका मला आपणहून ‘ताई’ म्हणू लागले.

ज्या कंपनीच्या पैशाने मी शिकले, त्या कंपनीत मी कामाला नाही. आमच्या ओळखीतले लोक याचे आश्चर्य करतात. पण फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, हा नियम आपणच वर्गात समजावून सांगितला होता, आणि वर म्हणाला होतात, ‘म्हणून तुम्हाला कुणाच्याही मशीनवर उभं राहता आलं पाहिजे.’ आम्ही खरोखरच निरनिराळ्या कारखान्यांत आहोत. एक राऊच्या बाजूला, दोघी पिथमपुरातच, एक जण लग्नानंतर देवासला गेली आणि तिथे तिने स्वतःची नोकरी स्वतः शोधली. आमच्यापैकी प्रत्येकीला काम मिळाले असे मी लिहिणार नाही. दोघींना घरून जाऊ दिले नाही, आणि त्यांची नावे आपण अहवालात ‘काम नाही’ अशीच लिहिलीत, हे मला माहीत आहे. वरच्या साहेबांना ते आवडले नव्हते, हेही माहीत आहे. त्या गोड आवाजाच्या बाईंनी हे वाचावे अशी माझी फार इच्छा आहे.

सर, माणसाचा भलेपणा बहुतेक वेळा कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण त्याचा आवाज होत नाही आणि त्याची पावती फाडली जात नाही. मोठमोठी दाने देणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. इंदूरला दानशूरांची परंपरा आहे, आणि अहिल्याबाईंच्या नावाने चालणाऱ्या या शहरात ती असायलाच हवी. पण समोरच्या माणसाला काय बोचेल हे आधी ओळखून ते त्याला कळू न देता दूर करून ठेवणे, ही गोष्ट मी फार थोड्या लोकांत पाहिली. आजोबांच्या पाळीचा एक मुकादम तसा होता, असे आजी सांगते. आषाढात कुणाची छत्री फाटलेली दिसली तर तो घरी जाताना काही न बोलता त्याला आपल्या छत्रीत घेऊन चाले. असली माणसे कुठल्या अनुसूचीत बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी टक्केवारी ठरवता येत नाही, त्यामुळे ती लाभणे हा योगच म्हणायचा. तो योग माझ्या वाट्याला आला याचे ऋण मी मानते.

माझ्या आताच्या कारखान्यात या वर्षी नव्या मुली येणार आहेत. त्यांच्या रुजू होण्याआधी बुटांचे नंबर विचारून घ्यावेत, असा लेखी अर्ज मी स्टोअरला दिला आहे आणि त्याची एक प्रत मनुष्यबळ विभागाला. उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर पुन्हा देईन.

आजीचा एक निरोप आहे. आमच्याकडे गणपतीत महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी आपण आणि काकूंनी अवश्य यावे, असे तिने स्वतःहून सांगितले आहे, आणि पुरण तीच वाटणार आहे. माझी त्या आठवड्यात पहिली पाळी आहे, म्हणजे साडेचारपर्यंत मी घरी पोहोचते. आपण दुपारीच आलात तर बाबा रिक्षा घेऊन चौकात उभे राहतील. त्यांना आपला फोन नंबर मी दिला आहे.

आपली विद्यार्थिनी,
परदेशीपुरा, इंदूर