'युद्ध' कॅनव्हासवर नाही, लाकडावर आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जर्मन चित्रकार ओटो डिक्सवरचा लेख वाचला. असा विषय छापलात म्हणून आनंद झाला. पण 'युद्ध' या चित्राखालची 'कॅनव्हासवरील तैलरंग' ही ओळ काल दिवसभर डोक्यातून गेली नाही.

१९२९ ते १९३२ या काळात डिक्सने ते लाकडी फलकांवर रंगवले, टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) आणि तैलरंगाच्या मिश्र तंत्रात. आधी खडू-सरसाचे पांढरे अस्तर, त्यावर रेखाटन, मग टेम्पऱ्याने उजेडाच्या जागा, आणि वरून तेल-राळेचे पातळ पारदर्शक हात. क्रानाख, ग्र्यूनेवाल्ड या जुन्या जर्मन चित्रकारांची ही, तेव्हाच चारशे वर्षे जुनी असलेली वाट. त्याच सुमारास चित्रतंत्राचे जाणकार माक्स ड्योर्नर म्युनिकच्या कला अकादमीत जुन्या उस्तादांची तंत्रे शिकवत होते. पहिल्या महायुद्धात स्वतः मशीनगन चालवलेल्या माणसाला खंदक दाखवताना देवादिकांच्या जुन्या चित्रांची पद्धत लागली, यावर लेखात अवाक्षर नाही. 'फोटोसारखे हुबेहूब' म्हणून विषय संपवला आहे.

मला हे झोंबते, कारण मी स्वतः टेम्परा करते. अंड्याचा बलक या तळव्यावरून त्या तळव्यावर घ्यायचा, दर वेळी मोकळा हात पुसायचा, पांढऱ्याचा ओलावा गेला की पापुद्रा चिमटीत धरून टोचायचा. सरस उकळू दिला तर त्याची पकड जाते. पॉलिश पेपरने घासून अस्तर गुळगुळीत करण्यात माझे दोन आठवडे गेले होते. प्रदर्शनाच्या अर्जावर 'लाकडावर टेम्परा' असे स्वच्छ लिहिले होते. प्रदर्शनाला गेले तर चित्राशेजारच्या चिठ्ठीवर 'तैलरंग, कॅनव्हास'! संयोजकांना सांगितले, तर म्हणाले, "मॅडम, बघणाऱ्याला काय फरक पडतो?" पंधरा वर्षे झाली, ते वाक्य अजून कानात आहे. तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

आणखी एक. 'युद्ध'ची खालची पट्टी तुम्ही कापली आहे. डावीकडे धुक्यातून निघालेली पलटण, मध्ये उद्ध्वस्त खंदक, उजवीकडे जखमी सोबत्याला ओढून नेणारा माणूस (त्याला चेहरा डिक्सचाच आहे), एवढे छापलेत. खालच्या फलकावर ओळीने आडवे पडलेले सैनिक आहेत; झोपलेत की मेलेत, कळत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात हे चित्र चारही फलकांसह आहे. पुढच्या रविवारी ते पूर्ण छापा, आणि खाली 'लाकडावर मिश्र तंत्र' असे लिहा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, मिरज