चाचा, तुम्ही 'कौनसी साइड?' विचारलंत म्हणून

चाचा, सलाम.

गेल्या महिन्यात भर पावसात, तुटलेली चप्पल हातात धरून, चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या तुमच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात एक माणूस घुसला होता. तो मी. आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही 'छोडो ना' म्हणत चहा मागवलात. म्हणून आता लिहितोय. नात मराठी शाळेत जाते म्हणालात, तिच्याकडून वाचून घ्या.

आमच्या घरात आशा म्हटलं की भोसलेच. आत्याची आशा मात्र वेगळी, गायिका आशा पुथली. मुंबईचीच, १९४५ सालची. शास्त्रीय गाणं शिकली, ऑपेरा शिकली आणि गळा रमला जॅझमध्ये. आपल्या शास्त्रीय गाण्यात आणि जॅझमध्ये, दोन्हीकडे गाणारा जागच्या जागी सूर रचतो, मग नवल कसलं, असं आत्या म्हणायची. आत्या स्वतः ख्याल शिकलेली, पण आजोबांनी तिला स्टेजची पायरी चढू दिली नाही. त्यामुळे आशाची गोष्ट सांगताना तिचा आवाज नेहमी जरा चढायचा. विमानात नोकरी धरून ही मुलगी बाहेर पडली, मार्था ग्रॅहमच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला पोचली. लेखक वेद मेहतांनी पुस्तकात तिच्याबद्दल लिहिलं होतं, ते जॉन हॅमंडच्या वाचनात आलं. जॅझ गायिका बिली हॉलिडेला पुढे आणणारा रेकॉर्ड-निर्माता तोच हॅमंड. १९७१ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनसारख्या वादळाबरोबर ती दोन गाणी गायली. नुसती दोन! तेवढ्यावर 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी तिची दखल घेतली.

आणि तरी राहायला अमेरिकेत असून तिच्या स्वतःच्या रेकॉर्डी मुख्यतः निघाल्या युरोपात. त्यातली १९७६ ची 'द डेव्हिल इज लूज' चाळीतल्या एकाने जर्मनीहून आत्यासाठी आणली होती. गिरगावातली खोली सोडताना आम्ही ती रद्दीवाल्याला दिली. आम्ही म्हणजे मीच. किलोवर.

आत्या तेव्हा काही बोलली नाही. आता तर पक्षाघातामुळे बोलूच शकत नाही. तिचा जुना प्लेअर मात्र पलंगाशेजारी आहे, आणि त्याच्याकडे बघत ती पडून असायची. ती काय बघते हे मला कळायला चार महिने लागले.

मग शोध सुरू झाला. ऑनलाइन एकाने पैसे घेऊन भलतीच रेकॉर्ड पाठवली, वर फोन उचलेना. एका एसी दुकानातल्या साहेबांनी प्रेसिंग कुठलं हवं, म्हणजे रेकॉर्ड कुठे छापलेली, कव्हर कसं हवं, बजेट किती, सगळं विचारलं. कशासाठी हवी ते सांगितल्यावर म्हणाले, "आजारी माणसाला मोबाइलवर ऐकवा की, त्यांना फरक थोडाच कळणार आहे." मोबाइलवर ऐकवून झालं होतं, चाचा. आत्याने फोन पालथा घालून उशीखाली सारला होता.

तुमच्याकडे विकायला ती रेकॉर्ड नव्हतीच. घरी स्वतःची एक आहे, ती बेचने की नहीं, म्हणालात. मी उठलो, तर तुम्ही हात धरून बसवलंत आणि विचारलंत, "बुआजी को कौनसी साइड पसंद है?"

इतक्या जणांनी इतकं विचारलं, हे कोणीच विचारलं नव्हतं. आणि मला उत्तर येत नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड आणून ठेवलीत, ना डिपॉझिट, ना नाव-पत्ता. वर कागदात गुंडाळलेली नवी सुई. "पुरानी सुई रेकॉर्ड खा जाती है," एवढंच. अनोळखी माणसाच्या हाती इतकी जपलेली वस्तू देणारी माणसं या शहरात अजून आहेत, हे मी लोकलमध्ये ती छातीशी धरून उभा असताना स्वतःला पुन्हापुन्हा सांगत होतो.

घरी आल्यावर आत्याला तुमचाच प्रश्न विचारला. तिने चालणारा हात चादरीवरून उचलला आणि तळवा सावकाश उलटा केला. मी लावायला निघालो होतो त्याची दुसरी बाजू.

गाणी चालू असताना ती रडली वगैरे नाही. 'स्पेस टॉक' लागलं तेव्हा बोटं मात्र मांडीवर हलत होती. तालात नव्हती, पण हलत होती. माझ्या मुलाने दारातून डोकं घालून विचारलं, ही चाल तर त्या अमेरिकन रॅपर बिगीच्या गाण्यात आहे ना? आहे, १९९७ मध्ये त्यांनी ती उचलली होती. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की आज इतक्या दिवसांनी कोणीतरी शहाणं बोललं. तिची आशा २०२४ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात गायली हेही मी मग तिला सांगून टाकलं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा तळवा उलटा केला.

शनिवारी रेकॉर्ड घेऊन येतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यावर पिवळा डाग पडलाय. वरण-भात भरवल्यावर मी तिचा हात नीट पुसला नव्हता. ओल्या फडक्याने हलकेच टिपून पाहिलं, जात नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.